भरीव भिंती

सोमवार
अखेर मनासारखे घर मिळाले. व्यवहारापूर्वी आठवडाभर राहून हवी तशी तपासणी करा, असे मालक आपणहून म्हणाले. विक्रेत्यांत हा मोकळेपणा दुर्मीळ. उंच खिडक्या, काटकोनात बसलेली दारे, कोरडे छत. ताई हरखून गेली आहे. आईमागे तिनेच मला वाढवले. स्वतःचे घर तिला या वयात प्रथमच लाभते आहे. भिंत सरळ आहे का ते पाहायला मी ओळंबा सोडताच ती हसली: देव भेटला तरी आधी त्याला ओळंबा लावशील तू. जाताना मालकांनी एकच विनंती केली. सगळे पाहा, भिंती तेवढ्या ठोकू नका. असल्या विनंतीमागे हमखास काहीतरी दडवलेले असते.

मंगळवार
अपेक्षेप्रमाणेच. हातोडीने हलकेच वाजवत गेलो. बैठकीच्या भिंतीत खांद्याच्या उंचीवर गिलावा पोकळ निघाला. खडूने वर्तुळ काढून ठेवले. मालकांची लबाडी पकडल्याचे समाधान मी लपवणार नाही.

बुधवार
वर्तुळ जागेवर आहे, परंतु आतला गिलावा आज भरीव वाजतो. तो आपोआप भरून येत नाही. म्हणजे काल माझी चूक झाली. आणि अशी चूक माझ्याकडून होत नाही. ताईला भरली बादली उचलवेना. खांदा दुखत नाही, आत काही उरलेच नाही असे वाटते, म्हणाली. दुसरी पोकळ जागा कमरेच्या उंचीवर सापडली. खूण केली.

गुरुवार
तीही भरीव. ताईला कमरेतून उठता येत नाही. डॉक्टरांनी वयावर बोट ठेवले. मालकांना फोन केला. त्यांनी एवढेच विचारले, ठोकलंत ना. त्यांच्या पत्नीही याच घरात अशाच आतून सरत गेल्या. आधी का सांगितले नाही, असे मी खडसावले, तर म्हणाले, सांगितलं की गिऱ्हाईक फिरकत नाही हो.
तथापि, दोन निरीक्षणांवरून निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरेल.

शुक्रवार
हे लिहिण्याची शरम वाटते, तरी नेमके लिहितो. काल मी स्वयंपाकघरातली भिंत मुद्दाम गुडघ्याच्या उंचीवर वाजवली. पोकळ लागेपर्यंत वाजवली. आज ताईचा गुडघा माझ्या तळव्याखाली दबला, उशी दबावी तसा. सिद्धान्त खरा ठरल्याचा मला आनंद झाला. आधी आनंद झाला. तिचा चेहरा त्यानंतर दिसला.
तिला काही सांगितलेले नाही. वातच असेल मेला, म्हणाली, आणि माझीच समजूत काढत बसली.

शनिवार
तिला उचलून बाहेर नेले. फाटकापाशी श्वास तुटू लागला. उंबऱ्यात परत आणताच जुळला. तिचे जे भिंतीत गेले आहे, ते घर सोडत नाही. मग गिलावा फोडून ते परत मिळवावे म्हणून पहिला घाव घातला, तर पलीकडच्या खोलीत ती किंचाळली. थांबलो. भेगेतून दिसणारी वीट कोमट होती.

रविवार
हातोडी दूर फेकून आलो. भिंतींकडे पाठ करून बसतो. पण बोटे ऐकत नाहीत— मेज, खुर्चीचा हात, दाराची चौकट— सगळे वाजवून पाहतात.
ताईचा आवाज रिकाम्या पिंपातून आल्यासारखा. जेवलास का, एवढेच विचारते.

सोमवार
डोळे मिटून पडली आहे. नाडी लागत नाही. छाती हलते की मला भास—
किती उरली आहे, हे कळल्यावाचून—
मघाशी म्हणाली, असा टक लावून बसू नकोस रे, काय तपासायचं ते तपास एकदाचं, म्हणजे तुझ्या जिवाला चैन पडेल. तिला ठाऊक नाही. सांगितले असते तर तिने मला—
सांगितले नाही. अजूनही नाही.
भिंत नव्हेच ही. मग काय हरकत— एकाच बोटाने, छातीच्या मधोमध, अगदी हलके. केवळ खात्री म्हणून. एकदाच वाजवून—