घोडीची रेघ

डेट्रॉइट, ता. ७ ऑगस्ट १९५५

ती. लेम्युएलदादास,
ऑडिसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्यात माझी चौकशी शोधली, ती सापडली नाही. गिटारचीच होती. हरकत नाही, मी बरा आहे. शिकागो सोडलं, टोलीडो सोडलं, आता इथे मोटारीच्या कारखान्यात ओतशाळेत लागलोय. भट्टीपुढे उभं राहून भुवया जळाल्या. आईला भुवयांचं सांगू नकोस.

तुझं काम मनावर घेतलंय. हेस्टिंग्ज स्ट्रीटवर न्हाव्याच्या दुकानामागे पेटिबोन म्हणून म्हातारा गिटारी दुरुस्त करतो आणि जुन्या विकतो. सुट्टीला मी तिथेच असतो. मी लाकूड घासून देतो, तो शिव्या देत शिकवतो. त्याच्याकडे तुझ्याजोग्या दोन आहेत, दोन्ही पोकळ पेटीच्या, विजेवरच्या. पहिलीचं तोंड, म्हणजे तारांखालची फळी, अखंड लाकडातून कोरलेलं. नुसती मांडीवर घेऊन छेडली तरी खोली भरून जाते. पण अँप्लिफायरला जोडून आवाज चढवला की पेटी आपली आपणच घुमायला लागते, बांधलेल्या कुत्र्यासारखी रडते. दुसरीचं तोंड लाकडाच्या पातळ पत्र्या एकावर एक चिकटवून केलेलं. मांडीवर ती जराशी मुकी वाटते, पण विजेला जोडली की गोल, मऊ सूर, आणि कितीही चढवा, रडत नाही. म्हातारा म्हणतो, न्हाणीघरात स्वतःलाच ऐकवायचं असेल तर पहिली घे, सहा सॅक्सोफोन-ट्रंपेटांच्या मध्ये बसून लोकांना ऐकवायचं असेल तर दुसरी.

मी दुसरी म्हणतो. तू कळव. आणि माया असू दे. कमी करायला आधीच फार नाहीये.

तुझा धाकटा,
ऑडिस


मस्कोगी, ओक्लाहोमा, ता. १४ ऑगस्ट

चि. ऑडिस यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं मत मागितलं नव्हतं, गिटार मागितली होती. पत्र्या चिकटवून संत्र्यांची खोकी करतात, तीच तू मला गळ्यात घालायला सांगतोस. तू चौथीतून शाळा सोडलीस तेव्हाच मी म्हटलं होतं, या पोराला फावडं द्या. देवाने तुला हात दिले ते फावड्याचे आणि कान दिले ते टोपी अडकवायला. झेल्मा हे वाचून बहिणीच्या मायेने रागावली आहे. रागावू दे.

तरी नीट ऐक. पंधरा वर्षं मी धान्याच्या गोदामात पोती वाहतोय आणि शनिवारी जुन्या गिटारवर लोकांना नाचवतोय. त्या बिचारीचा आवाज पुढच्या खुर्चीपलीकडे जात नाही. क्रँडल हॉजचा बँड एक ऑक्टोबरला इथे येतोय. त्याचा गिटारवाला सोडून गेला. मी सांगितलं, मी आहे. तो म्हणाला, स्वतःची विजेची आण, दुपारी ऐकतो, पसंत पडलं तर संध्याकाळी आमच्याच बसमध्ये बस. मी तेहतीस वर्षांचा आहे. ही बस गेली की मरेपर्यंत पोतीच.

म्हाताऱ्याला विचार, तुझं मत नको. तो दुसरी म्हणाला तर दुसरी. तारा जाड, चपट्या गुंडाळीच्या, बोट घसरलं तरी करकर न करणाऱ्या. तिसरी तारही गुंडाळलेलीच हवी. आणि ती वाजवत बसू नकोस. त्या चीजच्या खोक्याचं काय झालं, आठवत असेलच.

आईचा खोकला तसाच. तुझ्यावर जीव आहे तिचा. माझा काय, तो गृहीत धर.

तुझा,
लेम्युएल


डेट्रॉइट, ता. ११ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आठवतं. अकरा वर्षांचा होतो. चीजच्या खोक्याला दाराच्या जाळीची तार लावून मी गिटार केली होती. चर्चमधली मोठी माणसं रविवारी जेवायला होती. तू मला त्यांच्यापुढे वाजवायला लावलंस, सगळे हसेपर्यंत. मग ती चुलीत घातलीस आणि म्हणालास, निदान शेंगा तरी शिजतील. शेंगा शिजल्या. मलाही वाढल्या. मी खाल्ल्या.

असो. दुसरीच घेतली, म्हाताऱ्याच्या शब्दावर. आज रेल्वे पार्सलने निघाली. मागचे तीन रविवार तिच्यावर काढलेत. मानेत पोलादी सळई असते, ती चावीने पाव फेरा आवळली, मान सरळ झाली. दोन पडदे उंच होते, ते कानशीने उतरवले. तुझ्या तारा चढवल्या. तारांखालच्या चुंबकाचे स्क्रू एकेक करून वरखाली केले, आता सहाही तारा सारख्या बोलतात. मी थोडी वाजवली, तू नको म्हणालास तरी. म्हातारा ऐकून म्हणाला, हे फावड्याचे हात नाहीत. त्याने तुझं पत्र वाचलेलं नाही, हं.

आता नीट वाच. तुझ्या जुन्या गिटारची घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती, पेटीला चिकटवलेली आहे. हिची घोडी नुसती उभी असते, तारांच्या दाबाने. तारा सैल केल्या की ती सुटते. म्हाताऱ्याने प्रवासासाठी तारा उतरवून घोडी फडक्यात गुंडाळली आहे. नाहीतर धक्क्याने तोंडाला खळगा पडतो. ती कुठे ठेवायची, त्यासाठी मी पेटीवर कागदाची पट्टी चिकटवून पेन्सिलने रेघ मारली आहे. ज्वारीच्या दाण्याएवढी जरी सरकली तरी खालचे सूर ठीक लागतात आणि मानेवर वर गेलं की सगळं आंबतं.

तुझ्यासारख्या कानाला रेघेची गरज नाही म्हणा. आपल्या घरात कान काय तो तुलाच.

पहिली तारीख मनात धरून बसलोय. मला विसरलास तरी गिटारला विसरू नकोस.

ऑडिस


मस्कोगी, ता. ३ ऑक्टोबर

चि. ऑडिस यास,
झेल्माताईचे आशीर्वाद वि. वि.

लेम्युएल लिहील म्हणून दोन दिवस थांबले. आता मीच लिहिते.

गिटार पोचली त्या दिवशी त्याने हात दोनदा धुऊन पार्सल उघडलं. तुझ्या रेघेवर घोडी ठेवली. वाजवल्यावर मान वाकडी करून म्हणाला, वरचे सूर आंबट लागतात. मी म्हटलं, मग सरकव ना ती घोडी, तिला कुणी खिळे ठोकलेत? तर मला म्हणाला, तू शाळेत पोरांना पाढे शिकव, इथे बोलू नकोस. ऑडिसने तीन रविवार घातलेत तिच्यावर. म्हाताऱ्याजवळ बसून शिकलाय. एक रेघ त्याला सरळ मारता येत नसेल का? आजवर मी विजेची वाजवलेली नाही, माझ्याच कानाला सवय नाही. मग तो दहा दिवस गोदामातून आला की बसायचा, बोटांनी तारा दाबून ओढून सूर जुळवायचा. बोटांची टोकं फुटली. आई मीठ-पाण्याचं भांडं पुढे ठेवायची.

शनिवारी दुपारी नाचाच्या हॉलमध्ये आई आणि मी मागे बसलो होतो. सुरुवातीला सगळ्या बँडमधून त्याची गिटार ऐकू येत होती. एवढी छान, की आईने माझा हात धरला. गिटार एकदाही रडली नाही, ते तुझं खरं ठरलं. मग हॉजने खूण केली, आता एकट्याने वाजव. लेम्युएल मानेवर वर गेला. ऑडिस, नळाखालच्या पत्र्याच्या बादलीचा आवाज बरा. ट्रंपेटवाला खाली बघून हसला. हॉजने मध्येच थांबवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, बाबा रे, डोळे जातात तसे काहींचे कान जातात, लवकर जातात, वाईट वाटून घेऊ नकोस. त्याच्या जागी टल्साचा एक पोरगा बसमधून गेला.

काल चर्चमध्ये लेम्युएल गाणाऱ्यांच्या बाकावर बसला नाही. मागे बसला.

खाली त्याच्या हातच्या ओळी आहेत. जिवाला जप.

झेल्माताई

ऑडिस, गिटार निर्दोष आहे. तुझ्या रेघेवरून घोडी केसभर हलवली नाही. दोष माझ्या कानाचा. ती तू ने. चीजच्या खोक्याचं मी वाईट केलं. त्या खोक्याचा सूर बरा होता, म्हणून केलं. ले.


डेट्रॉइट, ता. ९ ऑक्टोबर

ती. झेल्माताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र रविवारी जेवणानंतर नेहमीसारखं सगळ्यांपुढे मोठ्याने वाच. आधी एकटी वाचू नकोस, नाहीतर तुझा धीर होणार नाही.

रेघ चुकीची आहे. मी मुद्दाम चुकीची मारली. म्हाताऱ्याने घोडी बरोबर ठेवून दाखवली होती. तो जेवायला गेल्यावर मी मानेकडे ज्वारीच्या दाण्याएवढी सरकवून पट्टी चिकटवली. दादाचा कान गेलेला नाही. कान बरोबरच सांगत होता, आंबट आहे म्हणून.

मला वाटलं होतं, पहिल्या दिवशीच पकडेल. पाच मिनिटांत. मग मला चार पानं शिव्या लिहील, की गाढवा, रेघ सुद्धा मारता येत नाही. आणि मी लिहिणार होतो, की दादा, मारता येते, तुझी परीक्षा घेतली, आता तू माझ्यापुढे वाजव, आम्ही हसतो. एवढंच होतं. हे पत्र मी लिहूनसुद्धा ठेवलं होतं. आयुष्यभर त्याने माझ्या एकाही गोष्टीवर विश्वास ठेवला नाही, ताई. नेमका याच वेळी ठेवायचा होता का त्याला?

त्याला सांग, घोडी मागे, शेपटीकडे सरकव. पट्टी फाडून टाक. पहिल्या तारेचा मोकळा सूर आणि बाराव्या पडद्यावरचा सूर एकमेकांना मिळेपर्यंत सरकव. हॉजला मी स्वतः लिहितो, त्याचा पत्ता पाठव. दादा म्हणेल तर मी तिकडे येतो, पोती मी वाहतो.

मला टाकू नका.

ऑडिस


मस्कोगी, ता. १७ ऑक्टोबर

चि. ऑडिस यास,
आशीर्वाद वि. वि.

तू म्हणालास तसं केलं. काल जेवणानंतर मोठ्याने वाचलं. चर्चमधली चार माणसं होती, तरी थांबले नाही.

लेम्युएल उठला. गिटार घेऊन आला. तुझी पट्टी नखाने काढली, घोडी सरकवली. पाच मिनिटंही लागली नाहीत, तेवढं तुझं गणित बरोबर होतं. मग तासभर वाजवली. वरपासून खालपर्यंत. असं त्याने जन्मात वाजवलं नव्हतं आणि आम्ही ऐकलं नव्हतं. थॅडियसमामा, ज्यांना बायको गेल्यावर कुणी रडताना पाहिलं नाही, ते टोपीत तोंड घालून बसले. आई म्हणाली, अजून हॉजकडे जाता येईल. मी म्हणाले, हॉज कॅन्सस सिटीत आहे, मी पत्ता काढते.

लेम्युएल आईला म्हणाला, हॉजला काय सांगू? की माझ्या कानापेक्षा मला माझा भाऊ खरा वाटला?

मग त्याने तारा उतरवल्या, एकेक करून, नीट गुंडाळून. आणि गिटार चुलीत घातली. मान आधी मोडावी लागली, चुलीच्या दारातून जाईना. तुझ्या त्या पत्र्या फार भरभर जळतात. आई मध्ये पडली तेव्हा तिला बाजूला करून तो म्हणाला, शेंगा टाक. तिने टाकल्या. सगळ्यांना वाढल्या. मीही खाल्ल्या.

आज तो वेळेवर गोदामात गेला. जाताना म्हणाला, तुझं पत्र आलं तर मोठ्याने वाचायचं नाही. तूही येऊ नकोस म्हणाला. पोती वाहायला माणसं आहेत.

माझा लोभ आहे, पण सध्या तो मागू नकोस.

झेल्मा

ता. क. सोबतच्या पुडीत घोडी आहे. ती तेवढी त्याने चुलीत घातली नाही. तुला पाठव म्हणाला, आणि सांग म्हणाला, आता तुला हवी तिथे ठेव.