नाकावरचं वजन

९ मार्च
ह्यांनी आज द्वारका चौकाजवळच्या वेल्डरकडून कॅरव्हॅनला मागे लोखंडी कॅरियर बसवून आणलं. जनरेटर ठेवायला. मागच्या उन्हाळ्यात मीच कुरकुरले होते, की झोपताना पंखा तरी हवा. माझी जीभ! पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दापोलीला निघायचं. कॅरियरला लाल रंगही दिलाय. दिसतंय छान.
पण काहीतरी खटकतंय. काय ते कळेना.

१० मार्च
कळलं. पोळ्या लाटताना, एकदम.
जड सामान मागे ठेवायचं नाही! रिटायर झाल्यावर ह्यांनी स्वतःच्या हाताने ही कॅरव्हॅन बांधली, तेव्हापासून दर सहलीला हेच ऐकतेय. "अगं, नाकावर वजन हवं. शेपूट जड झालं की मागची गाडीच पुढच्या जीपला हलवते." नाक म्हणजे पुढचा दांडा, जीपच्या हुकात अडकतो तो. मी तांदळाची पिशवी मागे टाकली तरी ओरडा. ओझरच्या कारखान्यात सगळी नोकरी विमानांचा तोल बघण्यात गेली ह्यांची. आणि आता जनरेटर पार शेपटाच्या टोकाला?
विचारलं. "मग कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?" हसले. मीही हसले.

१२ मार्च
मंदारला बंगळुरूला फोन केला. "आई, बाबांना तू शिकवणार? त्यांचाच सब्जेक्ट आहे तो." बायको हाक मारत होती, ठेवला.
वेल्डरकडेही जाऊन आले. "काकू, काकांनी सोता खडूनं निशाण मारून दिलं. बोलले तिथंच लावलं. एक सूत इकडंतिकडं नाय."
सगळ्यांचा विश्वास आहे ह्यांच्यावर. परवापर्यंत माझाही होता.

१५ मार्च, रवि.
ट्रायल. ओझरच्या रस्त्याला. शेजारून कंटेनर गेला आणि मागे कॅरव्हॅन डोलायला लागली. मग जीपही. ह्यांच्या हाताच्या शिरा ताठ. हळू केली तेव्हा सावरली.
"वारा फार होता," म्हणाले. झाडाचं पानही हलत नव्हतं. हेच दापोलीच्या वाटेवर कसारा घाटात झालं तर…
घरी येऊन सरबत दिलं. तेवढंच येतं मला.

१७ मार्च
शेवटी वजनकाटा काढला, बाथरूममधला. दर वेळी निघायच्या आधी हे तो नाकाखाली ठेवतात, वर फळी, आणि मी वाकून आकडा वाचते. म्हटलं, न बोलता हातात दिला तर त्यांचं त्यांनाच उमगेल, मला तोंडाने सांगावं लागणार नाही.
अंगणात नेऊन दिला. ह्यांनी काटा उलटासुलटा करून पाहिला. कॅरव्हॅनच्या नाकापाशीच जमिनीवर ठेवला. मला हुश्श झालं. मग चपला काढल्या आणि स्वतःच वर उभे राहिले.
"वाच गं. कमी झालं का?"
वाकून वाचलं. झालंय कमी.
मी आत येऊन मेथी निवडत बसले. स्वयंपाकघराची खिडकी उघडी, धड रडताही येईना.

१८ मार्च
डॉक्टरकडे जाऊन येऊ म्हटलं. "का? गुडघे दुखताहेत तुझे?"
मला पंखा नको, जनरेटर काढून टाका म्हटलं. "एवढं केलं तुझ्यासाठी…" तोंड एवढंसं झालं. सोडला विषय. भीती वाटते. घाटाची वाटते, त्याहून ह्यांना काय होतंय त्याची वाटते.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. कॅरियरला हळदकुंकू, झेंडूचा हार. हे सकाळपासून शीळ घालताहेत. उद्या पहाटे निघायचं.
श्रीखंड वाटीत काढता काढता जीपची किल्ली रव्याच्या डब्यात खुपसली. दुसरं काही सुचलंच नाही.
दुपारपासून शोधाशोध. खिसे, देवघर, फ्रीजवर, चपलांचं कपाट. मीही शोधतेय बरोबर. गादी उचलून बघितली, मी! वाटलं होतं चिडतील, माझ्यावर घसरतील. नाही. पलंगावर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच ठेवली असणार कुठेतरी. हल्ली राहत नाही गं लक्षात. तुला सांगणार नव्हतो."
मी जवळ बसले. पाठीवरून हात फिरवला.
किल्ली अजून रव्यातच आहे. काढून दिली तर उद्या घाट. नाही दिली तर हे स्वतःलाच दोष देत…