कार्डावरचा कोरा रकाना

नवनगर, गुरुवार, ११ जून १९९८

उद्या शाळेत लस टोचायला नर्स येणार. माझ्या पहिलीच्या वर्गातल्या एका मुलीची आई, यल्लव्वा, आज म्हणाली, "टोचलं की ताप चढतो, मग माझा खाडा होतो. अक्कोरे, तुमच्या पोरीला टोचलंय का?" मी, अक्कोरे म्हणजे शाळेतली बाई, ठणकावून म्हटलं, "हो!"

घरी येऊन माझ्या लेकीचं, अनघाचं, लसीकरणाचं कार्ड काढलं. पाच वर्षांचा रकाना कोरा. मागच्या वेळी दंड सुजला होता म्हणून सासूबाई 'राहू दे' म्हणाल्या, आणि मी, शाळेत दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी, गप्प बसले. का? तो कोरा रकाना डोळ्यांपुढून हलत नाही.

सासूबाईंना आत्ताच सांगून टाकलं, उद्या अनघा माझ्याबरोबर येणार. रांगेत पहिला दंड तिचा. आणि त्याआधी यल्लव्वाला सगळ्यांदेखत सांगायचं: काल मी खोटं बोलले.