रकान्यातली रेघ

बाबा,

तहसील कचेरीत तुम्ही त्या बाईची ओळख पटवून दिलीत, तेव्हा मी दहा वर्षांची होते, तुमचा सदरा धरून उभी. तिला रेशन कार्ड हवं होतं. कारकून नवऱ्याचं नाव विचारत होता आणि ती मान खाली घालून गप्प. तुम्ही हसून म्हणालात, "साहेब, आमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी वळखतो हिले, गावातलीच हाय. रेशनले येवढं पुरे." गावच्या हेडमास्तरांचा शब्द होता. कारकुनाने त्या रकान्यात नुसती रेघ ओढली आणि शिक्का मारला. मला वाटलं, काय लाजाळू बाई आहे!

तिची मुलगी तुमच्याच शाळेत होती. एकदा मी दाखल्यांचं रजिस्टर सहज उघडलं, तर तुम्ही ते हातातून हिसकावलंत. "दुसऱ्याचं घर हाय ते. न इचारता काऊन शिरली?" एवढ्याशा गोष्टीवरून एवढा राग! मी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला होता.

तुम्ही गेलात. मी तुमच्याच शाळेत लागले आणि फोटोची मतदार ओळखपत्रं निघाली. घरोघरी माहिती भरायला मीच. ती कचेरीतली बाई अंगणात ज्वारी पाखडत बसलेली असते. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात एकटीच. मी नाव विचारते, वय विचारते, नवऱ्याचं नाव विचारते. ती गप्प. "काकू, मग उखाणा तरी घ्या!" मी खिदळते. तिच्या हातातलं सूप थांबतं. मला कचेरीतलं तुमचं वाक्य आठवलं. जास्तीचा शहाणपणा करून मी शाळेत गेले, कपाट उघडलं आणि मुलीच्या दाखल्यावरून बापाचं नाव उतरवून घेतलं. माझ्या यादीत एकही रकाना रिकामा नव्हता, त्याचा कोण अभिमान मला.

यादी मंडल कचेरीच्या, म्हणजे जुन्या तहसिलीच्या, भिंतीवर लागली. महिनाभरात भैंसा गावाच्या बाजूने त्या नावाचा माणूस आला, सोबत चार माणसं, हातात यादीची नक्कल. "इतकी वर्सं धुंडून राह्यलो हिले," म्हणाला. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मी नाही वळखत याले." त्याने कागद माझ्यापुढे धरला. "बाई, हे तुमीच लिवलं ना?"

"हाव," मी म्हटलं. "मीच."

त्याने तिला ओढत बसपर्यंत नेलं. पदर सुटला, तेव्हा दंडावरचे जुन्या चटक्यांचे डाग मी पहिल्यांदा पाहिले. ती परत कधी दिसली नाही. मुलगी दोनदा शाळेत येऊन विचारून गेली, माझी माय कुठं हाय. आता माझीही नोकरी संपत आली.

हे पत्र पाठवू तरी कुठे? त्याच रजिस्टरमध्ये ठेवून कपाटाला कुलूप लावते. गावाला मी सांगितलं, मला वाटलं बाई लाजते. तुम्हाला खोटं सांगवत नाही, बाबा. सूप थांबलं, तेव्हा तिने माझ्याकडे बघून मान हलवली होती, नको म्हणून. मी ते पाहिलं होतं.