कापणीच्या सणाला रिकामे हात

पप्पा, तुमच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितेय. तुम्हाला मातीआड जाऊन पंचवीस वर्षं झाली, पण माझा राग काही मी तुमच्याबरोबर पुरला नाही.

संपाचं वर्ष आठवा. लालबागची आपली खोली, गिरणीचा भोंगा बंद, आणि चर्चमध्ये कापणीचा सण. मुंबईत कसली आलीय कापणी! पण नगरकडून आलेल्या आपल्या लोकांनी रीत सोडली नव्हती. कुणी कोंबडी, कुणी भोपळा, कुणी लाडवांचा डबा वेदीपुढे आणून ठेवायचा आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. आपल्या घरात पसाभर तांदूळ नव्हता. मला वाटलं, आज बाकावर गुपचूप बसून राहू. पण तुम्ही उठलात, अर्पणाच्या रांगेत शिरलात आणि पाळी आल्यावर दोन्ही हात रिकामेच पुढे केलेत. "पाळकसाहेब, यंदा आणायला काही नाही. मागायला आलोय," म्हणालात. तेही मोठ्याने! माझ्या वर्गातल्या दोघी पुढच्याच बाकावर. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

लिलावात कुणीतरी भोपळा घेतला आणि तुमच्याच हातात ठेवला. तुम्ही तो मूल कडेवर घ्यावं तसा घेऊन, हसत हसत घरी आलात. आईने भाजी केली. मी ताट सरकवलं, "मला नको भीक." तुम्ही हात उगारला नाहीत. "लेकरू आईकडे भाकर मागतं, ती भीक असते का गं पोरी? देवापुढे मी तेवढाच आहे," एवढंच बोललात, आणि माझ्या वाटची भाजीही खाल्लीत. चवीने खाल्लीत, पप्पा!

मला कळेचना. हाच माणूस मोर्च्यात लाठी खाऊन येतो, मालकापुढे मान तुकवत नाही, मग देवापुढे एवढं लहान कशाला व्हायचं? विचारलं तर म्हणायचात, "तिथे वाकतो, म्हणून इथे वाकावं लागत नाही." छान हो! गिरणी काही उघडली नाही. तुम्ही दुसऱ्यांच्या गेटवर वॉचमनकी करत म्हातारे झालात, आणि देवाचे आभार मानत राहिलात. मी मात्र ठरवलं, कुणापुढे हात पसरायचा नाही. परळच्या इस्पितळात नर्स झाले, आयुष्यभर दुसऱ्यांना भरवलं, पुसलं. कापणीच्या सणाला सगळ्यात मोठी टोपली माझी असते. त्याचा तोरा आहे मला. असू दे.

आता हात थरथरतात. औषधं चालू आहेत, उपयोग बेताचाच. चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा तो चिमुकला पेला ओठांपर्यंत नेईस्तोवर अर्धा सांडतो. एकदा शेजारणीच्या पांढऱ्या साडीवर सांडला. तेव्हापासून चार महिने, प्रभुभोजन असलं की "अंगात कणकण आहे" सांगून मी घरी बसले. धडधडीत खोटं. आमच्या पाळकबाई, वयाने माझ्या मुलीएवढ्या, घरी आल्या. म्हणाल्या, "मावशी, मी पाजते की."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मग कोण आहात?" असं म्हणून हसल्या. तुम्हीच पाठवलं असणार त्यांना.

या रविवारी गेले. वेदीपुढे गुडघे टेकले, हात पदराखाली दाबून धरले. त्यांनी पेला पुढे केला आणि साठीला टेकलेल्या मी, सगळ्या मंडळीदेखत, तोंड उघडलं.

लगेच हुरळून जाऊ नका. तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही. त्या दिवशी चारचौघांत माझी मान खाली घातलीत, त्याची माफी अजूनही नाही. हा कागदही कुठे टाकायचा नाहीये, उशाखाली राहील. पण एक सांगते. लाज वाटणार म्हणून मी दात आवळून तयारीने गेले होते. ती वाटलीच नाही, पप्पा. त्याचाच तर राग आलाय.