पळसटोलीची चिठ्ठी

१२ जून १९८३

आज मी चिठ्ठी बदलली. इथे लिहिते, कारण कुणाला सांगणार नाही.

सहा जोड्या, बारा गावं. जोडीतली दोन्ही गावं कागदावर सारखी — तितकीच घरं, तितकीच शेतमजुरी. एकाला पाळणाघर, दुसऱ्याला नाही. कोणाला, ते चिठ्ठीनं ठरायचं. मग दोन्हीकडच्या आया किती दिवस कामाला गेल्या ते मोजायचं. फरक उरेल तो पाळणाघराचा. आमचे प्रमुख मधुकरराव चारदा बजावून गेले, "नलू, निवड आपली नको. चिठ्ठीचीच."

शेवटची चिठ्ठी पळसटोलीची निघाली. हिंगणीच्या आमच्या ऑफिसहून दोन तास पायी, मध्ये नाला. पाळणाघर पाहायला दर आठवड्याला मीच जाणार! खोलीत एकटी होते. यादीत तिच्या जोडीतलं आमडी लिहिलं. आमडी डांबरी रस्त्यावर आहे.

१ ऑगस्ट

पळसटोलीत पहिली मोजणी. कांताच्या घरी बसले. तिची संगी दोन वर्षांची, पदर सोडत नाही.

"बाई, आमच्या गावाले काऊन नाई पाळणाघर?"

"चिठ्ठी निघाली नाही."

"असं! मंग कोन काय करन."

आणि हसली. मी फॉर्म भरत राहिले.

२३ सप्टेंबर

आमडीचं छान चाललंय. अठरा पोरं.

५ डिसेंबर

कापसाची वेचणी जोरात. कांता संगीला सासूजवळ ठेवून गेली होती. म्हातारीला धड दिसत नाही. संगीचा उजवा हात चुलीत गेला. माझ्या मागच्या फेरीच्या दुसऱ्याच दिवशी. बोटं एकमेकांना चिकटली आहेत.

तरी मी विचारलं — "या महिन्यात किती दिवस कामाला गेलीस?" विचारावंच लागतं!

"एकबी नाई. हिले सोडून कशी जाऊ?"

शून्य लिहिलं. नाला ओलांडताना लक्षात आलं — हे शून्य आमच्या सोयीचं आहे. तिची पोर भाजली, म्हणून आमचं पाळणाघर जास्त उपयोगी दिसणार.

११ एप्रिल १९८४

निकाल आला. पाळणाघर असलेल्या गावांत बाया हंगामात सरासरी नऊ दिवस जास्त कामाला गेल्या. मधुकररावांनी पेढे वाटले. "सहाची साठ गावं होतील, नलू!" अहवाल आजच वरच्या कार्यालयाकडे पाठवला.

घरी येऊन माझी जोडी वगळून पाहिली. आमडी-पळसटोली या एका जोडीचा फरक चोवीस. उरलेल्या पाच जोड्यांची सरासरी सहा, आणि त्यातही दोन ठिकाणी उणे. आमडीच्या बायांना न्यायला ट्रक दारात येतो. चोवीसातले रस्त्याचे किती, पाळणाघराचे किती? चिठ्ठी पाळली असती तर रस्त्याची गावं आपसूक दोन्हीकडे वाटली गेली असती. मी हात घातला.

१३ एप्रिल

झोप नाही. जेवण नाही. सांगायचा धीरही नाही.

२० एप्रिल

मधुकररावांना सांगितलं. अहवालाची प्रत उघडली. मग — "एकच जोडी ना? काढून टाकू." काढल्यावर काय उरतं तो कागद मी पुढे केला. वाचला. चष्मा काढला.

"अहवाल परत मागवतो. आणि तू चिठ्ठी का बदललीस तेही वर लिहावं लागेल."

"लिहा."

२२ एप्रिल

पळसटोलीला गेले. कांता दारातच होती. सगळं सांगितलं.

"म्हंजे आमचीच चिठ्ठी निघालती?"

"हो."

"अन् तुमाले चालाचा कंटाळा आला."

"हो."

संगी आत डाव्या हातानं भाकर मोडत होती. एक तुकडा मोडायला किती वेळ!

कांता ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आता जा तुमी बाई. अन् येऊ नका."

१ जून

वरून पत्र आलं. पाळणाघराचा फायदा सिद्ध होत नाही, म्हणून सहाही पाळणाघरं बंद. उद्या आमडीच्या बायांना मला सांगायचं आहे.