मंगळवारच्या खुर्चीचा वारस

मी, म्हणजे वरच्या चौकटीत वकीलबाईंनी ज्याचे नाव, वय आणि पत्ता टाइप केला आहे आणि गल्लीत ज्याला सगळे चष्मेवाला म्हणतात तो, आज सोमवारी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र करतो आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे आणि माझेही तेच मत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही. उद्या सकाळी मला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही, पण कागदपत्रं करून ठेवलेली बरी." वाक्याचा पहिला भाग ते माझ्याकडे बघून बोलले, दुसरा टेबलाकडे बघून.

भीती वाटते का, असे वकीलबाईंनी विचारले. नाही वाटत. बायको गेल्यापासून मला फारसे काही वाटतच नाही. ती गेली त्या दिवशी सगळे रडत होते आणि मी दाराशी चपला सरळ लावत होतो. हेही मी डॉक्टरांना सांगून पाहिले. त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या.

यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. वाटायचे, मागे राहणार ती, आणि तिला सगळे ठाऊक आहे. झाले उलटेच.

कलम पहिले. माझे राहते घर, त्यातील सर्व सामान (कलम पाचव्यातली वस्तू सोडून) आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. मुलगी दूर असते. दर रविवारी फोन करते. "बाबा, जेवलात?" "जेवलो." "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." मग दोन्हीकडे शांतता. यात तिचा दोष नाही आणि माझाही नाही. एका घरात राहणाऱ्यांना बोलायला विषय लागत नाही, लांब राहणाऱ्यांना तो शोधावा लागतो. दुकान मी दुसऱ्याला देणार आहे, हे तिला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही असलं काही बोलूच नका." हा होकार समजावा.

कलम दुसरे. काचा घासायचे चाक, पकडी, चिमटे आणि बारीक स्क्रूड्रायव्हरांचा संच कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याला द्यावा. त्यातला सर्वांत लहान स्क्रूड्रायव्हर संचात सापडणार नाही. तो "आत्ता आणून देतो" म्हणून घड्याळवाल्याने नेला, तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. आता संच पुरा होईल. वस्तू मागून नेणाऱ्याकडे शेवटी सगळेच जाते, याला काय म्हणावे ते मला माहीत नाही.

कलम तिसरे. हे दुकान, मागच्या खोलीसह, ज्येष्ठांच्या केंद्राला कायमचे द्यावे. केंद्र सध्या वाचनालयाच्या माडीवर भरते. ज्यांच्यासाठी ते काढले त्यांच्यातल्या निम्म्यांना जिना चढवत नाही. सगळा आनंदीआनंद. दुकान रस्त्याला लागून आहे, उंबरा बेताचा आहे. माझ्या अटी अशा: खुर्च्या हातांच्याच असाव्यात, कारण बिनहाताच्या खुर्चीतून आम्हाला उठता येत नाही आणि उठता आले नाही की माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही. येणाऱ्याला "कसं वाटतंय?" असे विचारू नये. त्याच्या हातात काही काम द्यावे. लोकर गुंडाळायला द्यावी, पुस्तकाला कव्हर घालायला द्यावे, पेपर मोठ्याने वाचायला सांगावे. पेपरावर भांडणे झाली तर होऊ द्यावीत, भांडणारा उद्या नक्की येतो. एकटेपणावर व्याख्यान ठेवू नये. एकदा ठेवले होते. तासभर ऐकून सगळे आपापल्या घरी एकटे गेले. माझा फोटो लावू नये. त्या खिळ्याला छत्री अडकवता येईल.

कलम चौथे. हे कलम वकीलबाईंना पसंत नाही. त्या म्हणतात, यात मालमत्ता नाही. मी म्हटले, आहे, तुम्ही लिहा.

बायको गेल्यावर मी दुकान अर्धे उघडून आत बसायचो. केंद्रातल्या ताई आल्या. मी त्यांना सरळ सांगितले की मला कोणाची सोबत नको, मी धडधाकट आहे. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्यासाठी नाही हो आले. पाण्याच्या टाकीजवळ एक गृहस्थ राहतात. जन्मभर पाणीपुरवठ्याचे पंप चालवले, आता गुडघ्यांमुळे घराबाहेर पडता येत नाही. एकटे आहेत, आणि हट्टी आहेत. मदत म्हटली की दार लावून घेतात. तुम्ही आपले सहज म्हणून मंगळवारी चारला जाल का?" बिचाऱ्याची कीव येऊन मी गेलो.

पंपवाल्यांनी दार उघडले, "या, या," म्हणाले आणि मला खिडकीजवळच्या चांगल्या खुर्चीत बसवले. स्वतः स्टुलावर बसले. मला वाटले, केवढे हे आदरातिथ्य. त्यांच्या चष्म्याची दांडी लोंबत होती. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून घट्ट करून दिली. पुढच्या मंगळवारी ती पुन्हा सैल. त्याच्या पुढच्याही. मी त्यांना म्हटले, "अहो, हा चष्मा आहे का पंप?" ते म्हणाले, "तुमचंच काम कच्चं." मी दर मंगळवारी स्क्रू पिळायचो आणि ते दर मंगळवारी माझ्या कामाला नावे ठेवायचे. मग सोंगट्यांचा डाव मांडायचा. मी मुद्दाम हरायचो, म्हातारा खूश व्हावा म्हणून. माझ्याहून ते दोन वर्षांनी लहान आहेत, तरी मी मनात त्यांना म्हाताराच म्हणायचो.

केंद्राचे वार्षिक संमेलन झाले. त्या दिवशी पंपवाल्यांना कोणीतरी गाडीतून आणले होते. ताईंनी जाहीर केले की जे इतरांच्या घरी जाऊन किंवा त्यांना घरी बोलावून सोबत देतात, त्यांनी पुढे यावे. मी उठलो. शेजारी काठी टेकून पंपवालेही उठले.

"तुम्ही कशाला उठताय?" मी म्हटले.

"तुम्ही कशाला?" ते म्हणाले.

ताईंनी आम्हा दोघांच्या हातात एकेक फूल दिले आणि माझ्या नजरेला नजर न देता पुढच्या माणसाकडे वळल्या. त्यांनी पंपवाल्यांनाही तसेच सांगितले होते. चष्मेवाल्याची बायको गेली आहे, तो एकटा आहे, हट्टी आहे, मदत म्हटली की अंगावर येतो, तेव्हा तुम्हीच त्याला मंगळवारी घरी बसवून घ्या, काही काम काढून त्याचा जीव रमवा. एवढी वर्षे आम्ही दोघे एकमेकांवर उपकार करत होतो आणि उपकार घेणारा कोणी नव्हताच.

त्या दिवशी त्यांना घरी सोडताना आम्ही हवेबद्दल बोललो. पुढच्या मंगळवारी जावे की नाही, असा प्रश्न मला पडला. चार वाजले आणि पाय निघाले. चष्म्याचा स्क्रू सैल होता. त्यावर सुरीच्या टोकाचे ओरखडे होते. ते मला पहिल्या महिन्यातच दिसले असते, पण मी बघितले नव्हते. मी स्क्रू घट्ट केला. ते म्हणाले, "तुमचंच काम कच्चं."

आता त्यांची दृष्टी जवळपास गेली आहे. चष्म्याचा काडीचा उपयोग नाही. तरी घालतात, आणि चाचपडत तो स्क्रू सैल करून ठेवतात. उद्या मंगळवार आहे. मी त्यांना खोटेच सांगितले आहे की मुलीकडे जातो आहे. ते म्हणाले, "जाऊन या. माझी काळजी नको." ही माणसे काळजी नको म्हणाली की काय होते ते मला माहीत आहे. आधी दोन वेळचे जेवण एक वेळेवर येते, मग खिडकी उघडायची राहते, मग दार. मी तसाच बसलो होतो. मला स्वतःचे काही वाटत नाही, पण ते खिडकीपाशी तसे बसलेले मला चालणार नाही. हे मी शुद्धीवर राहून सांगतो आहे.

म्हणून मंगळवारी दुपारी चार वाजता पंपवाल्यांच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसण्याचा माझा हक्क मी पुढच्या कलमातल्या इसमाला देतो.

कलम पाचवे. तो इसम म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, कोर्टातून निवृत्त झालेला कारकून. आमचे बोलणे बंद आहे. बायको जाऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा हा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भावोजी, ताईचं शिलाई मशीन मला द्याल का?" माझे माणूस गेले आणि याला मशीन सुचते. मी दार लावून घेतले. ते मशीन त्यांच्या आईचे. आई लवकर गेल्यावर बहिणीने त्यावर लोकांचे कपडे शिवून याला शिकवले, आणि हा लहानपणी त्याच मशीनच्या पायाशी झोपायचा, हे मला बायकोने कितीदा तरी सांगितले होते. त्या दिवशी आठवले नाही. आठवले असते तरी मी दार लावलेच असते.

औषधाच्या दुकानातला सांगतो, मेहुणा गोळ्यांची पट्टी घेत नाही, रोज एकेक गोळी न्यायला येतो आणि काउंटरवर अर्धा तास उभा राहतो. त्याची बायको मुलाकडे नातवंडे सांभाळायला गेली ती येते म्हणते, येत नाही. मी विचारले नव्हते, पण ऐकून घेतले.

तेव्हा सदर शिलाई मशीन मेहुण्याला मिळावे, मात्र अट अशी की मी दवाखान्यात असताना आणि माझ्यानंतरही, पंपवाले हयात असेपर्यंत, त्याने दर मंगळवारी चारला त्यांच्याकडे जावे. मदतीला आलो, असे म्हणू नये. मीच एकटा असतो म्हणून आलो, असे सांगावे. खिशात स्क्रूड्रायव्हर ठेवावा.

याउपर माझी काही मालमत्ता नाही. हे मृत्युपत्र इथे संपायचे होते, पण सहीच्या वेळी जे झाले ते वकीलबाईंनी जोडायला सांगितले आहे, ते असे.

साक्षीदार दोन लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते तो साक्षीदार झाला तर त्याला ते मिळत नाही. पंचाईत झाली. घड्याळवाल्याला हत्यारे दिलेली, ताईंच्या केंद्राला दुकान दिलेले. ज्याला बोलवावे तो वारस. औषधवाला तेवढा मोकळा सापडला. दुसऱ्यासाठी आम्ही खोळंबून बसलो होतो.

दरम्यान वकीलबाईंनी मेहुण्याला बोलावून घेतले होते. ज्याच्यावर अट घालता त्याला आधी विचारा, हे त्यांचे म्हणणे. तो आला. दुकानात इतक्या वर्षांनी पाऊल टाकले, पण इकडेतिकडे बघितले नाही. उभ्याउभ्याच कलम चौथे आणि पाचवे वाचले. चष्मा पुसला, पुन्हा वाचले.

"भावोजी, मला विकत घेताय का?"

"मशीन हवं होतं ना तुला?"

"हवंय."

"मग जा मंगळवारी. त्यांना सांग, मी एकटा असतो."

"त्यात सांगायचं काय? असतोच की." तो वकीलबाईंकडे वळला. "दुसरा साक्षीदार कोण?"

"अजून मिळालेला नाही."

त्याने खिशातून पेन काढले. वकीलबाई घाईने म्हणाल्या, "थांबा, तुम्ही सही केलीत तर मशीनवर पाणी सोडावं लागेल."

"बाई, जन्म कोर्टात गेला माझा," तो म्हणाला, आणि सही करायला खुर्ची ओढली.

मला काय वाटले ते लिहू का, असे वकीलबाईंनी विचारले. मी म्हटले, काही नाही वाटले. चहा गार झाला होता, तो मी प्यालो. मेहुण्याचाही मीच प्यालो, त्याचे लक्ष नव्हते.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून घेतले, मान्य आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: वरच्या शिक्क्याप्रमाणे, सोमवार

मृत्युपत्र करणार: (सही) चष्मेवाला

साक्षीदार पहिला: (सही) औषधवाला. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार दुसरा: (सही) मृत्युपत्र करणाऱ्याच्या दिवंगत पत्नीचा भाऊ, निवृत्त कोर्ट कारकून. माझ्यासमोर सही झाली. कलम पाचवे वाचले, समजले. मशीन मिळणार नाही, हेही समजले. उद्या चारला जातो.